अजब प्रयोगाचा पडताळा: शिवारात आणि वर्कशॉपमध्ये करता येईल अशी तपासणी

सांगली जिल्ह्यात तीन गोष्टी फिरून फिरून कानावर येतात. पाइपलाइनीला चुंबक बसवला की खारं पाणीसुद्धा पिकाला मानवतं. कुठल्याशा गॅरेजात मोटर, फ्लायव्हील आणि अल्टरनेटर जोडून कुणीतरी असं यंत्र केलंय, की ते खातं त्यापेक्षा जास्त वीज देतं. आणि जत-आटपाडीकडच्या अमक्या पाणाड्याच्या हातातली काठी जिथे वळते तिथे बोअरला पाणी लागतंच.

सांगणारा माणूस सहसा लबाड नसतो. त्याने स्वतः मीटरवर आकडा वाचलेला असतो, हिरवीगार रोपं पाहिलेली असतात. त्याला ‘हे विज्ञानात बसत नाही’ म्हणून वाटेला लावलं तर तो दुखावतो, आणि आपल्यालाही नेमकं काय घडलं ते कळत नाही. तपासूनच बघायचं असेल तर त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. वही, काटा, दोन-तीन मीटर, भरपूर चिठ्ठ्या आणि तोंड बंद ठेवू शकणारा एक मित्र एवढ्यावर बरंच काम होतं.

या लेखात माझा भर एकाच गोष्टीवर आहे. ज्या रीतीने तुम्ही दावा मोजणार, ती रीत आधी अशा ठिकाणी लावून बघा जिथलं उत्तर पक्कं ठाऊक आहे. आश्चर्य बहुतेक वेळा यंत्रात किंवा पाण्यात सापडत नाही, ते मोजण्यात सापडतं.

दावा एका ओळीत बसवा

‘पीक जोमदार येतं’ हे तपासता येत नाही. ‘या चुंबकातून गेलेल्या पाण्यावर को ८६०३२ उसाच्या एक डोळ्याच्या कांड्यांची उगवण पंधराव्या दिवशी साध्या पाण्यापेक्षा जास्त होते’ हे तपासता येतं. दावेदाराबरोबर बसून अशी ओळ तयार करा आणि ती त्याच्याच तोंडून येऊ द्या. मग विचारा: “दादा, काय झालं तर तुम्ही म्हणाल की नाही जमलं?” इथे माणूस पहिल्यांदा थबकतो. त्याला वेळ द्या. त्याचं उत्तर कागदावर घ्या, खाली दोघांच्या सह्या आणि तारीख.

याच कागदावर पळवाटाही आधीच बुजवून घ्यायच्या. चुंबकाच्या पाण्याचा गुण किती तास टिकतो? ढगाळ दिवस चालेल का? कुणी शंकेखोर माणूस जवळ उभा राहिला तर परिणाम जातो का? हे प्रश्न आधी विचारले तर ते प्रयोगाच्या अटी होतात. निकालानंतर तीच उत्तरं आली तर त्या सबबी.

याचा उत्तम नमुना आपल्याच महाराष्ट्रात झाला. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली आणि तिचा निकाल २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापला. १०० हुशार मुलांच्या आणि १०० बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या जन्मवेळा घेऊन कुंडल्या केल्या, त्या मिसळल्या, आणि प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या पाठवल्या. प्रश्न एकच: कुठली कुंडली कुठल्या गटातली? २७ ज्योतिषांची उत्तरं आली. एकूण बरोबर उत्तरं ४६ टक्के निघाली, सर्वांत वर असलेल्याला ४० पैकी २४ जमल्या. एका संस्थेने २०० च्या २०० कुंडल्या मागून घेतल्या, तिची १०२ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून जवळपास हेच आलं असतं. यात मला कौतुक वाटतं ते प्रश्नाचं. शनी-मंगळाच्या वादात कुणी शिरलंच नाही. ज्योतिषी जे सांगू शकतो म्हणतात, तेवढंच विचारलं.

आधी रिकामी फेरी

रिकामी फेरी म्हणजे सगळा खटाटोप करायचा, फक्त दाव्यातली वस्तू काढून ठेवायची. चुंबक न लावता दोन्ही ट्रेंना साधंच पाणी द्यायचं, एकावर मात्र चिठ्ठी लावायची ‘चुंबक’. पंधरा दिवसांनी दोन्हींत फरक दिसेल. तो किती दिसतो ते लिहून ठेवा, कारण खऱ्या फेरीतला फरक त्याच्यापेक्षा मोठा असेल तरच पुढे बोलण्यात अर्थ आहे.

मीटरचीही अशीच फेरी घ्या. खाऱ्या पाण्यासाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर घेऊन फिरणारे विक्रेते चुंबकाआधी एक आकडा दाखवतात आणि चुंबकानंतर त्याहून कमी. हा मीटर प्रत्यक्षात क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. ही वाहकता तापमानागणिक बदलते, अंशामागे सुमारे २ टक्के. उन्हात तापलेल्या पाइपातलं पाणी आणि जमिनीखालून आत्ताच आलेलं पाणी यांत पाच अंशांचा फरक असला तरी दहा टक्के इकडे-तिकडे होतात, आणि स्वस्त मीटर तापमानाची भरपाई नीट करतोच असं नाही. म्हणून एकच पाणी दोन ग्लासांत घ्या, एक थंड आणि एक कोमट, आणि मीटर बुडवून बघा.

क्षार खरंच कमी झाले का, याचं उत्तर स्वयंपाकघरात मिळतं. दोन्ही पाण्यांचा एकेक लिटर स्वच्छ, आधी वजन केलेल्या स्टीलच्या भांड्यांत आटवा. शेवटी आच अगदी मंद ठेवा, नाहीतर क्षार तडतडून बाहेर उडतात. भांडी गार झाली की सोनाराच्या काट्यावर पुन्हा वजन घ्या. २००० टीडीएसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २ ग्रॅम क्षार असतो. चुंबकानंतर तो दीड ग्रॅम झाला असेल तर उरलेला अर्धा ग्रॅम गेला कुठे, हे दावेदाराला शांतपणे विचारता येतं. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींमुळे हा प्रश्न आपल्याकडे पैशाचा आहे, म्हणून एवढं लांबण लावलं.

रिकाम्या फेरीची सगळ्यात गाजलेली गोष्ट फ्रान्समधली. १९०३ साली नॅन्सीच्या ब्लाँडलो या नावाजलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एन किरण’ सापडल्याचं जाहीर केलं. अंधाऱ्या खोलीत एक अंधुक उजेड किंचित वाढलेला दिसतो, एवढाच पुरावा. पुढच्या वर्षी अमेरिकेचा रॉबर्ट वुड ते पाहायला गेला. किरण वेगळे करणारा ॲल्युमिनियमचा लोलक त्याने अंधारात गुपचूप काढून घेतला. समोरचा संशोधक तरीही आकडे सांगतच राहिला.

चुंबकाचं पाणी आणि उसाची रोपं

आता एक प्रयोग पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडतो. रोपवाटिका गावोगाव झाल्या आहेत, त्यामुळे साहित्य मिळायला अडचण नाही.

पहिली गोम बेण्यात. उसाच्या शेंड्याकडचे डोळे कोवळे असतात, ते लवकर आणि जास्त उगवतात. बुडख्याकडचे सावकाश. एका पाटीतल्या कांड्या एका ट्रेत आणि दुसऱ्या पाटीतल्या दुसऱ्या ट्रेत लावल्या की प्रयोग तिथेच संपला. सगळ्या एक डोळ्याच्या कांड्या एका ढिगात कालवा, फुटके-किडके डोळे काढून टाका, बेणेप्रक्रिया सगळ्यांना एकाच द्रावणात करा आणि ट्रे भरताना ढिगातून न बघता उचला. कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकाच गोणीतलं किंवा सगळं एकत्र मिसळलेलं हवं.

दुसरी गोम जागेची. शेडनेटच्या कडेचा ट्रे जास्त तापतो, दारापाशी वारा लागतो. म्हणून कुठला ट्रे कुठे ठेवायचा आणि कुठल्या ट्रेला कुठलं पाणी द्यायचं, हे दोन्ही चिठ्ठ्या टाकून ठरवा. ‘मी आलटून-पालटून ठेवले’ हे पुरत नाही. माणसाचा हात नकळत चांगला ट्रे आवडत्या बाजूला सरकवतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: पाणी घालणाऱ्याला आणि मोजणाऱ्याला कुठलं पाणी कुठलं हे कळता कामा नये. यासाठी तो तोंड बंद ठेवणारा मित्र. तो रोज सकाळी एकटाच दोन सारखे कॅन भरेल, एक चुंबकातून आणि एक साधा, आणि त्यांवर ‘क’ व ‘ख’ अशा खुणा असतील. कुठली खूण कशाची, हे त्याने पहिल्या दिवशी लिहून पाकीट सीलबंद करायचं आणि ते दावेदाराकडे किंवा तुमच्याकडे न ठेवता तिसऱ्याकडे द्यायचं, पतसंस्थेच्या मॅनेजरकडे किंवा मुख्याध्यापकांकडे. या मित्राने मोजणीच्या दिवशी शेडमध्ये यायचंच नाही. त्याचा चेहरा बोलतो.

पाणी मापाने द्या. पाइपावर बसवलेल्या चुंबकाच्या सांध्यामुळे धार बारीक होते, आणि थेट नळीने पाणी दिलं तर एका बाजूला कमी पाणी जातं. कोकोपीटमध्ये कमी पाणी कधी फायद्याचंही ठरतं, मग श्रेय चुंबकाला मिळतं. आणि ‘उगवलं’ कशाला म्हणायचं तेही आधी ठरवा, उदाहरणार्थ कोंब एक सेंटिमीटर वर दिसला की एक.

ट्रे किती? इथे बरेच जण फसतात. समजा ५० कप्प्यांचा एक ट्रे या पाण्याचा आणि एक त्या पाण्याचा. एकात ४० उगवले, दुसऱ्यात ४६. सहाचा फरक, म्हणजे पन्नासात बारा टक्के! ऐकायला भारी वाटतं. पण दोन्हींना एकच पाणी दिलं असतं तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरातून आठेक वेळा पडतो. शिवाय एकाच ट्रेतली पन्नास रोपं एकाच जागेचं ऊन खातात, ती पन्नास वेगळे साक्षीदार धरता येत नाहीत. साक्षीदार ट्रे.

म्हणून आठ ट्रे घ्या, चार ‘क’चे आणि चार ‘ख’चे. शेवटी उगवणीप्रमाणे आठही ट्रे क्रमाने लावा. आठांतून चार निवडण्याच्या ७० रीती आहेत. चुंबकाचे चारही ट्रे पहिल्या चार जागांवर यावेत, हे योगायोगाने ७० पैकी एकदाच होईल. मोठी सूत्रं लागत नाहीत, चिठ्ठ्या खरोखर टाकलेल्या असल्या की झालं. तीन-तीन ट्रे घेतले तर हीच शक्यता २० मध्ये एक, म्हणजे जरा स्वस्तच. सहा-सहा घेतले तर ९२४ मध्ये एक. परवडत असेल तर सहा-सहाच घ्या.

पंधरावा दिवस ठरला असेल तर पंधराव्या दिवशीच मोजा. रोज डोकावून ज्या दिवशी मनासारखा फरक दिसेल त्या दिवशी थांबणं हे हरणाऱ्याने डाव मोडण्यासारखं आहे. उगवण, मग उंची, मग पानांची रुंदी, मग मुळ्यांचं वजन असं मोजत गेलात तर काहीतरी ‘जास्त’ निघणारच. मुख्य मोजमाप एक. बाकीची हवी तर घ्या, पण ती पुढच्या प्रयोगाची सूचना म्हणून वहीच्या मागच्या पानावर.

पाकीट सगळ्यांसमोर फोडायचं, तेही सगळे आकडे शाईने लिहून सह्या झाल्यावरच. हा सोहळा वाटेल, पण १९८८ साली पॅरिसजवळ याच सोहळ्याने मोठा निकाल लागला. बेनव्हेनिस्त यांच्या प्रयोगशाळेने म्हटलं होतं की प्रतिपिंडाचा एकही रेणू उरणार नाही इतकं पातळ केलेलं द्रावणही पेशींवर परिणाम करतं. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने तो लेख छापला आणि त्याचे संपादक मॅडॉक्स, जादूगार रँडी आणि संशोधनातले गैरप्रकार तपासणारे स्ट्युअर्ट हे तिघे तपासायला गेले. उघड्या फेऱ्यांत परिणाम दिसत होता. मग नळ्यांवर सांकेतिक खुणा घातल्या, त्यांची यादी पाकिटात बंद करून ते पाकीट छताला चिकटवलं. त्या फेऱ्यांत परिणाम नाहीसा झाला. जादूगार कशाला, असं तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटलं. मला तर प्रत्येक तपासणीत एक जादूगार असावा असं वाटतं. शास्त्रज्ञाला निसर्गाकडून फसायची सवय असते, माणसाकडून नसते.

जादा वीज देणारं यंत्र

इथे पहिलं काम सुरक्षिततेचं. फ्लायव्हीलला जाळी हवी, एमसीबी हवा, आणि घरच्या महावितरणच्या मीटरला हात लावायचा नाही. वेगळे दोन सबमीटर आणा, एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे.

मीटरची रिकामी फेरी अशी. मीटरवर किती ब्लिंकला एक युनिट ते छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२००. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावला तर दिवा साधारण दर ११ सेकंदांनी लुकलुकायला हवा. मग दोन्ही मीटर एकापाठोपाठ एक जोडून एकच हीटर तासभर चालवा. दोघांचे आकडे जुळले पाहिजेत. एका मीटरला दुसऱ्याचं स्वतःचं किरकोळ खाणंही मोजावं लागतं की नाही, हे जोडणीवरून बघून घ्या.

आता यंत्राकडे. बहुतेक वेळा दाखवणारा माणूस क्लॅम्प मीटरने अँपिअर आणि मल्टिमीटरने व्होल्ट वाचून दोन्हींचा गुणाकार करतो. इथे दोन भोकं आहेत, आणि दुर्दैवाने दोन्ही दाव्याच्याच बाजूला गळतात. आत जाणारा करंट टोकदार झटक्यांचा असेल तर साधा क्लॅम्प मीटर तो कमी दाखवतो. ट्रू आरएमएस (करंटचा आकार कसाही असला तरी त्याचा खरा जोर मोजणारा) असं लिहिलेला हवा, आणि तोही फार तीक्ष्ण झटक्यांत चुकतो. बाहेर येणाऱ्या बाजूला कॉइल किंवा कपॅसिटर असेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट नव्हेत, कारण मध्ये पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला खरोखर कामाला लागणारा वाटा, येतो. कुठल्याही मोटर वाइंडिंगवाल्याला हे माहीत असतं. व्हिडिओ काढताना विसरायला होतं.

म्हणून आउटपुटला मोटर, पंखा, एलईडी काही नको. फक्त पिवळे बल्ब किंवा पाण्यातला हीटर. एक सबमीटर इनपुटला आणि एक आउटपुटला लावून अर्धा तास चालवा, मग दोन्ही सबमीटरची अदलाबदल करून पुन्हा अर्धा तास. आधी आउटपुट जास्त दाखवणारा मीटर आता इनपुटला जास्त दाखवू लागला तर शोध मीटरमध्ये होता.

मीटरवर कुणाचाच विश्वास नसेल तर पाणी तापवा. चांगल्या झाकणाच्या, गोणपाटाने किंवा थर्माकोलने गुंडाळलेल्या डब्यात १० लिटर पाणी घ्या. त्याचं तापमान १० अंशांनी वाढवायला सुमारे ४१९ किलोज्यूल लागतात, म्हणजे ०.११६ युनिट. पाणी ढवळून मग थर्मामीटर वाचा. डब्यातून उष्णता निसटते तेवढा आकडा कमीच येईल, म्हणून हीच फेरी आधी भिंतीतल्या प्लगवर घेऊन डब्याची गळती काढून ठेवा. पॉवर फॅक्टर, झटके, वेव्हफॉर्म यांतलं काहीही पाण्याला फसवू शकत नाही.

फ्लायव्हीलचा हिशोब वेगळा. २० किलोची, अर्धा मीटर व्यासाची भरीव तबकडी १५०० आरपीएमने फिरत असेल तर तिच्यात सुमारे ७७०० ज्यूल साठलेले असतात. आवाज, वारा, थरथर सगळं जबरदस्त, पण १०० वॅटचा बल्ब तेवढ्यावर जेमतेम ७७ सेकंद जळेल. प्लग काढल्यावर मिनिटभर दिवा लागून राहिला, यात नवल काही नाही. बॅटरी असेल तर अजून सावध. १२ व्होल्ट १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात, म्हणजे दोन तासांचं प्रात्यक्षिक तिला कळणारही नाही. लोड काढल्यावर बॅटरीचं व्होल्टेज आपोआप थोडं वर चढतं. त्याला ‘बॅटरी स्वतःच चार्ज होतेय’ समजणारे बरेच भेटतात.

यंत्राचीही रिकामी फेरी घ्या. दावेदाराची खास कॉइल किंवा खास चुंबक काढून, साधी मोटर, पट्टा आणि अल्टरनेटर यांवर सगळं मोजा. मोटर, पट्टा, अल्टरनेटर प्रत्येक जण आपला वाटा खातो, म्हणून आत दिलेल्याच्या निम्मं बाहेर आलं तरी जोडणी बरी म्हणायची. साध्या जोडणीतच तुमची पद्धत १२० टक्के दाखवत असेल, तर खास कॉइलपर्यंत जायची गरज उरली नाही. किर्लोस्करवाडीच्या या जिल्ह्यात मोटर-पंपाची कार्यक्षमता मोजणारा जाणकार फिटर शोधायला लांब जावं लागत नाही. त्याला एक दिवस बोलवा.

आणि शेवटची कसोटी सगळ्यात स्वस्त. आउटपुट खरंच दीडपट असेल तर त्यातलाच भाग इनपुटला जोडायचा, सुरू करायला वापरलेली बॅटरी सोडवून खोलीबाहेर न्यायची आणि यंत्र टेबलावर, चारी बाजूंनी दिसेल असं ठेवून रात्रभर चालू द्यायचं. ‘अजून तेवढं जमलं नाही’ असं उत्तर येतं. दीडपट देणाऱ्या यंत्राला हे जमू नये, याचा अर्थ त्यालाच विचारावा.

भांडी, डबे, ढवळण्या आपल्याच असाव्यात. १९९६ साली तमिळनाडूच्या रामर पिळ्ळै यांच्या ‘वनस्पती पेट्रोल’चा, म्हणजे झाडपाल्यापासून पेट्रोल केल्याच्या दाव्याचा, देशभर बोलबाला झाला. इंधन ढवळायच्या पोकळ दांडीतून येत होतं. पुढे २०१६ साली न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं.

काठी वळते तेव्हा

पाणाड्याचं थोडक्यात सांगतो, कारण इथे एकच प्रश्न महत्त्वाचा आहे: काठीशिवाय पाणी किती वेळा लागलं असतं? आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं, आणि एखाद्या गावात दहापैकी सात बोअरना थोडंफार पाणी लागत असेल तर डोळे मिटून बोट दाखवणाराही दहात सात वेळा बरोबर ठरतो. म्हणून पाणाड्याच्या यशस्वी बोअरची यादी मागू नका. त्याच वर्षी, त्याच शिवारात, काठीशिवाय घेतलेल्या बोअरची यादी शेजारी ठेवा, कोरड्या गेलेल्यांसह. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे लोक अशा नोंदींबद्दल सांगू शकतात.

प्रत्यक्ष चाचणी करायची तर जमिनीत पाइप पुरून त्यातलं पाणी नाणेफेकीने चालू-बंद करा, पंपाचा आवाज ऐकू येणार नाही अशा अंतरावरून. आधी एक उघडी फेरी घ्या, ज्यात पाणी चालू आहे हे पाणाड्याला सांगितलेलं असेल. तेव्हाही काठी वळत नसेल तर प्रयोग पुढे नेऊ नका. त्याच्या मते परिस्थितीच योग्य नाही. वळली, तर तोच म्हणेल की आता झाकून करू.

दहापैकी आठ बरोबर आले तर भारावून जाऊ नका. नुसत्या अंदाजाने आठ किंवा जास्त येण्याची शक्यता साडेपाच टक्के आहे. वीस पाणाडे तपासले तर त्यातल्या एकाला तरी आठ मिळण्याची शक्यता दोन-तृतीयांश होते, आणि गावात नाव त्याचंच होतं. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये नेमकं हेच घडलं. सुमारे ५०० जणांतून ४३ निवडले, लाकडी गोठ्यात खालच्या मजल्यावरचा पाइप सरकवत ८४३ फेऱ्या घेतल्या. बहुतेकांना काही जमलं नाही, पण सहा जण ‘खरे’ असल्याचं संशोधकांनी जाहीर केलं. नंतर जिम एनराइट यांनी तेच आकडे तपासले, तर त्या सहांचीही एका वेळची करामत दुसऱ्या वेळी टिकत नव्हती. चांगला निघालेला माणूस पुन्हा, नव्याने, पहिली गुणपत्रिका न मोजता तपासायचा.

दुसऱ्याच्या हातून

तुमच्या फेरीत परिणाम टिकला असं समजू. आता नक्कल, आणि तिच्या दोन पातळ्या. आधी तंतोतंत: तोच चुंबक, तेच पाणी, तोच माणूस. तिथे जमलं तर मग नवा चुंबक, दुसरा तालुका, दुसरा माणूस, तोही शक्यतो दाव्यावर विश्वास नसलेला. सांगलीत जमलं आणि फलटण तालुक्यातल्या पाडेगाव ऊस संशोधन केंद्राच्या परिसरातल्या कुणा शेतकऱ्याकडे जमलं नाही, तर भांडू नका. दोन्हीकडच्या फरकांची यादी करा आणि एकेक फरक मिटवत जा.

संशयित कारण एकटंच तपासणं हा यातला फार उपयोगी डाव आहे. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातून एलके-९९ नावाचा पदार्थ साध्या तापमानाला अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा, असल्याची बातमी आली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेकांनी तो बनवून पाहिला, अतिवाहकता मिळाली नाही. पण मग रोध अचानक का घसरत होता? नमुन्यात तांब्याचं सल्फाइड मिसळलेलं होतं, आणि ते एकटं घेतलं तरी सुमारे १०४ अंश सेल्सिअसला तसंच वागतं. भेसळ नसलेले स्फटिक तयार केले तेव्हा ते वीज वाहूनच नेत नव्हते. ‘नाही जमलं’ एवढ्यावर थांबलेल्यांपेक्षा हे उत्तर शोधणाऱ्यांनी प्रश्न खरा मिटवला.

दावेदाराने स्वतःशी कसं वागावं याचा नमुना हवा असेल तर २०११ चा ऑपेरा प्रयोग. जिनिव्हाहून इटलीच्या ग्रान सास्सोपर्यंत न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचताना दिसले. त्यांनी सगळे आकडे उघड करून ‘आमची चूक शोधा’ म्हटलं, आणि काही महिन्यांनी नीट न बसलेली एक ऑप्टिकल केबल त्यांनाच सापडली.

खरा परिणाम कसा वागतो तेही माहीत असावं. राँटगेनला नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण दिसले आणि पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला जगभरच्या प्रयोगशाळा हाडांचे फोटो काढत होत्या. चांगलं उपकरण आलं तसे फोटो स्पष्ट होत गेले. ज्या परिणामाचा आकडा मोजमाप सुधारेल तसा लहान होत जातो, त्याच्यावर पैसे लावू नयेत.

काय लिहून ठेवायचं

सह्यांचा मूळ कागद, चिठ्ठ्यांचा निकाल, सगळे कच्चे आकडे, खोडलेलेसुद्धा खोडलेल्या स्वरूपात. मीटरचं मॉडेल, तापमान, कोण हजर होतं. रिकाम्या फेरीचे आकडे खऱ्या फेरीच्या शेजारीच लिहा. निकाल लिहिताना दाव्याच्या कक्षेबाहेर जाऊ नका: ‘या आठ ट्रेंत, या पाण्यावर, फरक दिसला नाही’ एवढंच. ‘चुंबकाचा पिकावर कधीच परिणाम होत नाही’ असं तुम्ही तपासलेलं नाही.

मसुदा आधी दावेदाराला वाचायला द्या आणि त्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत खाली जोडा. बहुतेक जण पुढची फेरी मागतात. जरूर द्या. नवी अट नव्या कागदावर, जुना निकाल जुन्या कागदावर तसाच, आणि या फेरीचा बेण्याचा आणि कोकोपीटचा खर्च त्याने करायचा.